चेक... चेक... वन टू

संभाजीनगरच्या सिडको एन-सातमध्ये ‘बँडवाले कुठं राहतात’ असं विचारा, शेंबडं पोरगंही घर दाखवतं. लग्नसराईत तर मंडळी थेट गेटवर येऊन उभी राहतात. “भाऊ, वीस तारखेला पोराची वरात आहे. घोडी तुमचीच असते का बाहेरून आणावी लागंल?”

आमचे बँडवाले दादा आधी चष्मा पुसतात, पाहुण्याला ओट्यावर बसवतात, पाणी देतात आणि मग सांगतात, “आमचा तसला बँड नाही. आम्ही पॉवर पॉप वाजवतो.”

पाहुणा विजेच्या मीटरकडे बघतो.

पॉवर पॉप म्हणजे काय, हे दादांनी मला कॅनॉटच्या टपरीवर किमान पन्नास वेळा समजावलंय. ‘द हू’ बँडच्या पीट टाउनशेंडने 1967 मध्ये हा शब्द काढला. गिटार रॉकची, कडकडीत. चाल मात्र दूधवाल्याच्याही तोंडी बसेल अशी. तीन-चार मिनिटांत खेळ खल्लास. या पंथातलं दादांचं कुलदैवत म्हणजे लॉस एंजेलिसच्या ‘द नॅक’चं ‘माय शरोना’. 1979 मध्ये हे गाणं अमेरिकेत सलग सहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्यातली गिटार एकाच सुराच्या खालच्या सप्तकातून वरच्यात उडी मारते आणि परत खाली येते. दादा ती उडी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतात. आपल्याला बोलावतायत असं वाटून टपरीवरचं पोरगं आणखी दोन कटिंग आणून ठेवतं. पैसे मी देतो.

“अख्खा अल्बम त्यांनी दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला,” दादा सांगतात. आवाजात भक्ती कमी, संशय जास्त. “दोन आठवड्यांत! मग इन्स्पेक्शन कधी केलं?”

दुखणं इथंच आहे. दादा वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीत आहेत. बावीस वर्षं व्हर्नियर हातात. केसाएवढा फरक दिसला की माल रिजेक्ट. दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट परत पाठवायचे आणि संध्याकाळी स्वतःचं गाणं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या बँडचं एकुलतं एक गाणं गेली अठरा वर्षं तयार होतंय. सध्याची स्थिती अशी: पहिलं कडवं पास, दुसरं होल्डवर, धृपद रीवर्कमध्ये.

धृपद अकराव्यांदा परत आलं तेव्हा ड्रमर “येतो दादा” म्हणाला आणि चाकणला गेला. बेसवाला विम्याच्या पॉलिश्या विकतो. कीबोर्डवाला तेवढा संगीतात टिकला. मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्राबरोबर असतो. त्याला मात्र घोडीबद्दल विचारलेलं चालतं.

तालमीची खोली गच्चीवर, पत्र्याची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. ते ट्रे जिन्यातून वर जाताना पाहिल्यापासून शेजारच्या काकू दोन महिने गावरान अंड्यांचा भाव विचारत होत्या. गिटार दिवाणाच्या पोटात, गोधड्यांखाली. तार छेडायची नखी जुन्या एटीएम कार्डातून कापलेली. तिच्यावर दादांच्या कार्डाचे शेवटचे तीन आकडे अजून वाचता येतात.

गाणं होत नसलं तरी बँडचं नाव मात्र जोरात बदलतं. पहिल्या नावात ‘ब्लॅक’ होतं, दुसऱ्यात ‘फायर’, आता अजिंठा आलंय. दाखला तयार असतो : मुंबईचा ‘रॉक मशीन’. 1984 मध्ये सुरू झाला, 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ काढला, 1993 मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाला आणि मग त्यांचं ‘प्रिटी चाइल्ड’ एमटीव्हीवर गाजलं.

“पण दादा, त्यांनी आधी गाणी केली होती.”

“ते मुंबईत. आपल्या गावाची रीत बघ. मलिक अंबरनं वसवली ती खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. चार नावं झाली. आमचं तर तिसरंच चालू आहे.”

एकदा मात्र बँड स्टेजवर आला होता. कॉलनीचा गणपती. महिलांचा ‘एक मिनिट शो’ आणि आरती यांच्या मधली अर्ध्या तासाची जागा. चाकणहून ड्रमर आला, पॉलिश्या बाजूला ठेवून बेसवाला आला. दादांनी माइक हातात घेतला, “चेक... चेक... वन टू.” आवाज थोडा फाटत होता. रिजेक्ट. परत “चेक... चेक.” स्पीकर दोन इंच डावीकडे. परत “चेक.” असं सत्तावीस मिनिटं चाललं. समोरच्या आजोबांनी ठेका धरला, पोरं नाचायला लागली, मागून “वन्स मोअर” आला. शेवटी दादांनी समाधानानं मान हलवली, ड्रमरकडे बघितलं, काठी वर गेली आणि लाइट गेली.

अंधारात आरती सुरू झाली. आरतीला पॉवर लागत नाही.

लोक अजून सांगतात, दादांचं ते ‘चेक-चेक’वालं गाणं झकास होतं. दादा ते नाकारत नाहीत. त्यांच्या मते तेवढाच भाग स्पेसिफिकेशनप्रमाणे झाला.

यंदा तुमच्या कॉलनीत गणपतीला अर्धा तास रिकामा असेल तर कळवा. दादा मानधन घेत नाहीत, स्पीकर स्वतःचे आणतात. जनरेटरची सोय तेवढी तुम्ही करा. आणि घोडी लागणार असेल, तर तीही तुमची तुम्हीच बघा.