मिटवामिटवीचा कागद

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं उजवं मनगट मोडलं. सकाळी सव्वासातला त्या नेहमीसारख्या आमच्या गल्लीकडे वळल्या. फुटपाथवर तीन मोटारी आणि एक टेम्पो उभा होता, म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या आणि मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. गाडीवाला पळाला नाही. त्याने त्यांना उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं, प्लॅस्टरचे पैसे भरले. इथवर त्याचं वागणं चांगलंच म्हणायला हवं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो दहा हजार रुपये आणि टाइप केलेला एक कागद घेऊन त्यांच्या घरी गेला. कागदावर होतं: चूक माझी होती, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, यापुढे मी काही मागणार नाही. मावशींचा उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यांना सही येते. त्यांच्याकडून डाव्या हाताचा अंगठा घेतला गेला.

मला हे कळायला चार महिने गेले, कारण "हात मुरगळलाय" एवढंच त्यांनी सांगितलं होतं. प्लॅस्टर निघालं, पण हाड वाकडं जुळलंय. कणीक मळायला घेतली की कळ कोपरापर्यंत जाते. चार घरं होती, महिन्याला बारा हजार मिळत होते. आता दोनच घरं उरली आहेत, तीही वरकामाची. कागदाचं विचारलं तर म्हणाल्या, "ताई, सोडा आता. भला माणूस होता. पळून गेला असता तर आपण काय केलं असतं?"

भला असेल. पण अपघात झाला की २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला माहिती देणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने त्याच्यावर टाकलेलं काम होतं. ते त्याने केलं नाही. त्याऐवजी तो कागद टाइप करून घेतला.

आणि मावशींचं देणं कुणाच्या भलेपणावर मुळी अवलंबूनच नाही. याच कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा विमा सक्तीने काढायला लावतात तो रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी. तो तिसरा माणूस म्हणजे आमच्या मावशी. भरपाई विमा कंपनीने द्यायची असते. चालकाकडे वैध परवाना नव्हता, अशा कितीतरी खटल्यांतही ‘आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेश न्यायालयांनी कंपन्यांना दिले आहेत. तेव्हा ‘कशाला त्याच्या पोटावर पाय आणायचा’ ही भीड सोडा. तुमच्या गप्प राहण्याने वाचतात ते विमा कंपनीचे पैसे.

आता हिशेब मांडते. मावशी ४२ वर्षांच्या. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिला. ४१ ते ४५ या वयाला तो १४ आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने पुढे कमाई वाढली असती हेही धरायला लावलं. चाळीस ते पन्नास वयाच्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाला ती वाढ २५ टक्के. वर्षाचे १ लाख ४४ हजार, त्यात २५ टक्के मिळवून १ लाख ८० हजार, गुणिले १४, म्हणजे २५ लाख २० हजार. कमावण्याची निम्मी ताकद गेली असं धरलं गेलं तर १२ लाख ६० हजार. औषधपाणी, वेदना आणि घरी बसून काढलेले महिने याशिवाय. कंपनीचा वकील यातला प्रत्येक आकडा ओढून खाली आणेल. चार घरांत रोख पगार घेणाऱ्या बाईकडे तो पगाराची स्लिप मागेल. त्यासाठी आम्ही चारही घरांनी लिहून द्यायचं ठरवलं आहे. आकडा अर्ध्यावर आला, पाव झाला, तरी त्याच्यापुढे ते दहा हजार कुठे बसतात?

दाखल्यावरच्या टक्क्यांनीही हबकू नका. मनगटाचं अपंगत्व डॉक्टर कदाचित १५ टक्के लिहितील. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, असं उदाहरणच त्यात दिलं आहे. मनगटातून मोडलेल्या हाताने कारकून सही करेल. पोळपाटासमोर तो हात किती टक्के उरतो, हे पोळ्या लाटणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि जी बाई फक्त स्वतःच्याच घरात राबते, तिचं काय? तिचंही काम कमाई म्हणूनच मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा ठासून सांगितलं. ‘ती घरीच असते’ असं म्हणून दावा न लावणाऱ्या नवऱ्यांनी आणि मुलांनी हे दोनदा वाचावं.

चूक कुणाची या वादात पडायचंच नसेल, तर कलम १६४ आहे. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि चूक सिद्ध करायची गरज नाही. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. मात्र हे पैसे स्वीकारले की मोठा दावा संपतो, म्हणून आधी हिशेब करा. म्हणजे चुकीबद्दल ब्रही न काढता मावशींना अडीच लाख मागता आले असते, आणि त्यांच्याकडून ‘चूक माझी’ असं लिहून घेतलं ते दहा हजारांत.

आम्ही चौकीत गेलो. पहिला प्रश्न आला, "पैसे घेतलेत ना? मग आता काय?" दुसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्ताला गेले होते. तिसऱ्या फेरीला एफआयआर झाला. एफआयआरला उशीर झाला एवढ्याच कारणाने भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, हे २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलेलं आहे. त्या अंगठ्याच्या कागदानेही दावा आपोआप मरत नाही. पण समोरच्या वकिलाच्या हातात ते पहिलं हत्यार आहे, आणि ते आपणच दिलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती दुसऱ्या एका कागदासाठी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत, असे दावे जिथे चालतात त्या मोटार अपघात न्यायाधिकरणाला पहिला अहवाल द्यायचा असतो. अपघातापासून १० दिवसांत त्याने जखमीला त्याच्या हक्कांचा लेखी तक्ताही द्यायचा असतो. छापील नमुना ठरलेला आहे. अपघातात सापडलेल्या किती जणांनी हा कागद पाहिला आहे? मी या महिन्यात सात घरांत विचारलं. एकानेही नाही. मिटवामिटवीचा कागद चौथ्या दिवशी दारात येतो आणि हक्काचा कागद येतच नाही. पोलिसांनी तो दिला नाही तर मागा, तोंडी नको, लेखी मागा आणि पोच घ्या.

गाडीवाला पळून गेला असता तर काय, हा मावशींचा प्रश्नही खराच होता. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार’ ही दोन ओळींची बातमी आपण रोज ओलांडून पुढे जातो. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, रोजचे सुमारे नव्वद. त्याच वर्षी धडक देऊन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. अशा अपघातांसाठी सरकारची योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज न्यायालयात नाही, महसूल खात्यात, प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. निर्णय जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर होतो. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात देशभरातून अर्ज किती आले? २०५.

दोनशे पाच. ६७ हजारांच्या समोर.

सर्वोच्च न्यायालयाला हाच आकडा खटकला. १२ जानेवारी २०२४ ला त्याने आदेश दिला की महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. रक्कम वेळोवेळी वाढवण्याचा विचार करा, असंही केंद्राला सांगितलं. दोन लाखांत माणसाचं आयुष्य मोजणं मला लाजिरवाणं वाटतं, पण आहेत तेवढे तरी मागितले पाहिजेत. गाडी पुढे सापडली आणि मोठी भरपाई मिळाली, तर हे पैसे त्यातून वळते होतात, म्हणून आज घेतल्याने उद्याचं काही बुडत नाही.

मुदतीचं आता. १९९४ नंतर या दाव्यांना मुदतच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायचा असं झालं. ज्याचं हाड जुळायलाच तीन महिने लागतात, ज्याच्या घरी कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नाही, त्याला सहा महिने. ही दुरुस्ती जखमींवर अन्याय करणारी आहे आणि ती जायला हवी. तिला आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेशही दिला. पण अंतरिम तो अंतरिम. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेला गोल करून ठेवा. दावा जिथे अपघात झाला तिथेच लावायला हवा असंही नाही. बीडचा ऊसतोड मजूर सांगलीत जखमी झाला, तर गावी परतून बीडच्या न्यायाधिकरणात दावा लावू शकतो.

कंपनीचा वकील आणखी एक गोष्ट हमखास विचारणार: फुटपाथ सोडून रस्त्यावरून का चालत होता? पादचाऱ्याची चूक सापडली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. आमच्या गल्लीतल्या फुटपाथवर त्या सकाळी चार गाड्या होत्या. त्यांच्या मालकांना कुणी काही विचारणार नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन होतो, मी दरवर्षी तिथे जाते आणि मला तो मनापासून आवडतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चालायला मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मग तो फुटपाथ अडवणाऱ्या गाड्यांचा दोष मोडलेल्या मनगटाच्या माथी का मारायचा? मी त्या फुटपाथचे रोज सकाळी सव्वासातला फोटो काढते आहे, तारखेसकट. आमच्या वकिलांनी ते दाव्याला जोडायचं कबूल केलं आहे.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यातलं फुटेज पुसलं गेलं आहे. चार महिने कोण ठेवणार? पहिल्याच दिवशी मागितलं असतं तर मिळालं असतं. दवाखान्याने पोलिसांना कळवलं नव्हतं, म्हणजे एमएलसी, मेडिको-लीगल केसची नोंदही नाही. पण पहिल्या एक्स-रेवर तारीख आणि वेळ आहे. प्लॅस्टरची पावती गाडीवाल्याच्या नावाने फाडलेली आहे. अपघाताच्या दिवशी पैसे त्याने भरले याचा तो पुरावा मावशींनी डाळीच्या डब्याखाली जपून ठेवला होता.

सोमवारी आम्ही सिव्हिल सर्जनकडे दाखल्यासाठी जाणार आहोत. मावशींनी एक घर त्या दिवसापुरतं सोडलंय, दुसरं माझंच आहे. सहा महिने पुरे व्हायला अजून ४७ दिवस आहेत. वकिलांच्या कागदांवर मावशी सही करणार आहेत. रोज रात्री मुलाच्या वहीत त्या डाव्या हाताने सही गिरवतात.