नाताळला लागेल

गणपतीचं विसर्जन करून आम्ही घरी परततो. पाटावर तलावाकाठची मूठभर माती ठेवतो, आरतीसाठी निरांजन शोधतो आणि तेवढ्यात दारात आंटी उभी असते.

“गेले का बाप्पा?”

“गेले.”

“मग मखराचा पुठ्ठा मोकळा झाला असेल.”

आंटी आमच्या शेजारच्या बंगलीत राहते. वसईत जन्मली, वसईतच नांदायला गेली, आणि या सगळ्या काळात तिनं एकही वस्तू टाकून दिलेली नाही. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आळीतली पोरं तिला ‘लागेलआंटी’ म्हणतात. तुम्ही काहीही टाकायला निघा, रिकामी बाटली, तुटकी छत्री, एकच राहिलेला मोजा, ती हात आडवा घालून म्हणणार, “टाकू नकोस रे, नाताळला लागेल.” मार्चमध्ये म्हणते. मे महिन्यात, पंखा बंद पडलेला असताना, घामानं निथळतसुद्धा म्हणते.

अशी एक बाई प्रत्येक चर्चच्या हद्दीत असतेच. तिच्या पलंगाखाली झोपेपेक्षा जास्त महत्त्वाचं काहीतरी असतं. पूर्वी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा निघायचा. हिच्या डब्यात औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघतात. चंदेरी वेगळ्या, सोनेरी वेगळ्या. अंकलना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा आंटीनं पहिला प्रश्न विचारला, “नवीन गोळीची पट्टी कुठल्या रंगाची?”

घंटागाडी आमच्या आळीत आठला येते. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायचा नियम आम्हाला महापालिकेनं शिकवायच्या कितीतरी आधी आंटीनं शिकवला होता. सुका कचरा तिचा, ओला गाडीचा. गाडीवरचा पोऱ्या आता इतका तयार झालाय की चांगला खोका दिसला की तो स्वतःच बाजूला काढतो आणि फाटकावरून आत टाकतो. मागच्या वर्षी त्याला नाताळच्या फराळाचं ताट गेलं. आम्हाला गेलं त्याच्यापेक्षा त्यात दोन करंज्या जास्त होत्या. मी मोजल्या नाहीत, बायकोनं मोजल्या.

आंटीला कुणी चिडवलं की ती थेट संतांनाच साक्षीला बोलावते. “फ्रान्सिस असिसीकरानं १२२३ साली ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला, तेव्हा तो काय क्रॉफर्ड मार्केटला गेला होता? गुहा गावातली, चारा गावातला, बैल आणि गाढव कुणाकुणाच्या दावणीचे!” यावर बोलायची सोय नाही. दुसरा दाखला हॅम्बर्गचा. तिथे १८३९ साली विखेर्न नावाच्या पाद्रीबाबांनी आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल लावल्या. मुलं सारखी ‘नाताळ कधी’ विचारायची, त्यांना रोज एक मेणबत्ती पेटलेली दिसावी म्हणून. आगमनकाळाचं चक्र म्हणून आज चर्चमध्ये जे हिरवं वर्तुळ दिसतं, त्याची ही सुरुवात. ही हकिगत ऐकून मी मनापासून भारावलो. दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलचं मागचं चाक जागेवर नव्हतं.

“पंक्चरच तर होतं,” आंटी म्हणाली.

तिच्या हातात कला आहे हे मात्र कबूल करायलाच हवं. बॅडमिंटनचं पिसांचं फूल घेते, बूच वर आणि पिसं खाली असं धरते, बुचावर स्केचपेननं दोन मिटलेले डोळे आणि एक बारीकसं तोंड काढते, डोक्यावर तुटक्या बांगडीच्या तुकड्याचं तेजोवलय चिकटवते. झाला देवदूत. पिसांचा तो घेरदार झगा बघून खरंच वाटतं की हे फूल मारायसाठी नव्हे, गाण्यासाठीच जन्मलं होतं. आमच्या सोसायटीच्या पोरांचं मत वेगळं आहे. नोव्हेंबरनंतर आंटीच्या अंगणात फूल गेलं की ते परत मागायला कुणी जात नाही. देवदूतांची संख्या मात्र वाढत जाते.

चांदण्या ती लग्नपत्रिकांच्या कापते. आंटीच्या मते सोनेरी जाड कागद हिंदू पत्रिकांइतका चांगला कुणाचाच नसतो, आणि माझ्या कारखान्यातली लग्नं धरून आमच्याकडे वर्षाला चाळीसेक पत्रिका येतात. त्यामुळे तिच्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की एखादी चांदणी वाऱ्यानं वळते आणि पाठीवर ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ वाचायला मिळतं. एकीवर तर अर्धे गणपती होते. मी दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “असू दे. त्यांचाच पुठ्ठा गोठ्याला लावलाय, त्यांना बघायला नको का?”

दुःखं तिलाही आहेत. पहिलं थर्माकोलचं. २०१८ साली राज्यात बंदी आली आणि वसईतला हिमवर्षाव थांबला. आता बर्फ कापसाचा पडतो आणि तो अंकलच्या उशीतून येतो. डिसेंबरात त्यांची उशी दिवसेंदिवस सपाट होत जाते. ते नाताळच्या सकाळी मान वाकडी करून मिस्साला येतात तेव्हा लोकांना ती भक्ती वाटते. दुसरं दुःख एलईडीचं. जुना गोल काचेचा बल्ब उडाला की त्याला चकाकी लावून फिरकीसारखा टांगता यायचा. “हे नवे मेले उडतच नाहीत,” म्हणून ती हल्ली आमच्या बाथरूमकडे आशेनं बघते.

आणि तिसरं, जे ती कुणाला सांगत नाही पण अंकल सांगतात, ते म्हणजे हिशेब. टाकाऊपासून टिकाऊ करायला डिंकाच्या कांड्या, सोनेरी स्प्रे, चकाकी, रिबन आणि मोत्यांच्या माळा विकत आणाव्या लागतात. अंकलनी गेल्या वर्षी वहीत मांडलं: १,८४० रुपये. बाजारात चकचकीत गोळ्यांचा आख्खा खोका दोनशेला मिळतो. शिवाय टाकाऊ वस्तू तरी आपोआप थोड्याच टाकाऊ होतात? झाकणं हवीत म्हणून घरात दोन महिने सरबताच्या बाटल्या फुटतात. कॉफीची बरणी हवी असते म्हणून कॉफी प्यायली जाते. अंकलना कॉफी आवडत नाही.

माझा स्वतःचा सहभाग अंड्यांपुरता आहे. केकला चोवीस अंडी लागतात आणि आंटीच्या घरात डिसेंबरात अंडं फोडायला बंदी असते. दाभणानं वरच्या टोकाला बारीक भोक, खालच्या टोकाला जरा मोठं. आत दाभण फिरवून बलक मोडायचा, मग वरून फुंकायचं. खालून आधी एक थेंब येतो, मग एक लांब दोरी, मग गुडगुड करत सगळं. पहिल्या सहा अंड्यांपर्यंत मजा वाटते. दहाव्याला गाल भरून येतात. पंधराव्याला डोळ्यांपुढे चांदण्या दिसतात, त्याही पत्रिकेच्या नव्हे. आंटी शेजारी बसून रिकामी टरफलं पाण्यानं विसळते, उन्हात पालथी घालते आणि मला धीर देते, “हळू फुंक, तडा जाईल. तडा गेला तर त्याचा काय उपयोग?” आत होतं त्याचाही काही उपयोग असतो हे तिला आठवायला थोडा वेळ लागतो. त्या केकची सगळी आळी तारीफ करते. त्यात माझी चोवीस अंड्यांची फुंकर आहे हे मी कधी बोललेलो नाही.

एकतीस डिसेंबरच्या रात्री आळीतली पोरं म्हातारा करतात. सरत्या वर्षाचा पुतळा. जुनी पँट, जुना शर्ट, आत पेंढा. बाराला तो पेटवायचा. यंदा शर्ट माझा होता, बायकोनं परस्पर दिलेला. म्हातारा खांबाला टेकून उभा, पोरं काडेपेटी घेऊन तयार, घड्याळात दहा मिनिटं बाकी, आणि गर्दीतून आंटी कात्री घेऊन आली. कॉलरपासून खालपर्यंत सहा बटणं, बाह्यांची दोन, आणि आतल्या शिवणीवर कंपनीनं जास्तीचं दिलेलं एक, ज्याचा मलाही पत्ता नव्हता. नऊ बटणं तिनं मोजून रुमालात बांधली.

“उंटांचे डोळे,” ती म्हणाली. “सहा जानेवारीला तीन राजे यायचेत. तीन उंट, सहा डोळे.”

“आणि उरलेली तीन?”

“लागतील.”

बारा वाजले. म्हातारा उघड्या छातीनं पेटला, पोरं ओरडली, चर्चची घंटा वाजली, सगळ्यांनी सगळ्यांना मिठ्या मारल्या. मी कागदी कपातली घरची द्राक्षांची वाइन घेऊन कठड्याला टेकलो. आंटी जवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं नवीन वर्षाच्या शुभेच्छा देते आहे. ती कपाकडे बघत होती.

“घाई नाही,” ती म्हणाली. “सावकाश पी. फक्त चुरगळू नकोस.”