फाटे फोडणारे काका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत लग्नपत्रिका रद्दीत जात नाहीत. लग्न लागलं की पत्रिका तळमजल्यावरच्या काकांकडे पोचवायची. तिची पाठकोरी बाजू त्यांना लागते. त्यावर ते रेल्वे काढतात.

रेल्वे म्हणजे इंजीन-डबे नव्हेत, मार्ग. असलेला लाल पेन्सिलीने, नसलेला निळ्या. लाल रेघ शहाण्या मुलासारखी कर्जत, कसारा, डहाणू, पनवेल अशी जिथे थांबायचं तिथे थांबते. निळी ऐकत नाही. कल्याणहून मुरबाडला जाते, तिथून माळशेज घाट ओलांडून नगरला उतरते. दुसरी वसईहून निघून वज्रेश्वरीच्या गरम कुंडापाशी टेकते आणि भिवंडीला येते. कागद संपला तर पत्रिका उलटी करून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’च्या डोक्यावरून रूळ पुढे जातात. शब्दाला फाटे फोडणारी माणसं घरोघर असतात. आमचे काका रुळांना फोडतात.

“तेवढा तुकडाच राहिलाय,” हे त्यांचं पालुपद. पातेल्यात दोन घास भाजी उरली की बायका ज्या सुरात “संपवून टाका हो” म्हणतात, तो हा सूर. मुंबईची लोकल कर्जतला थांबते, पुण्याची लोणावळ्याला. मधे किती? अठ्ठावीस किलोमीटर. “दोन सख्ख्या बहिणी दारात उभ्या आहेत आणि मधे फक्त उंबरठा!” उंबरठा म्हणजे बोरघाट, हे त्यांच्या लेखी किरकोळ. त्यांच्या इंजिनियर पुतण्याने एकदा समजावलं, की काका, तिथे सदतीस फुटांत एक फूट चढ आहे, एक्स्प्रेसलासुद्धा कर्जतला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं.

“मग लोकललाही ढकला! आम्ही दादरला रोज ढकललोच गेलो ना? आम्ही काय बिघडलो?”

पुतण्या त्यानंतर घाटाबद्दल बोलत नाही.

इतिहासही त्यांच्या बाजूने तयार असतो. “१८५३ला गाडी ठाण्याला गेली तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, ठाण्यात आहे काय? आणि दुसऱ्याच वर्षी कल्याण! मधे खाडी होती. पूल बांधला आणि गेले.” हे सांगताना ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात, की मुरबाडची फाइल आपणच गादीखाली दडपून ठेवलीय. पनवेल-कर्जत लोकलमार्गाचं काम सुरू झाल्यापासून रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचे गुलाबाचे फोटो येतात आणि काकांचा वावर्ल्याच्या बोगद्याचा. खाली ‘सुप्रभात’.

पण काकांना खरं बघावं ते अलिबागच्या लग्नात. सोसायटीतून बस केली होती. पेण मागे पडलं आणि वडखळला बस अडकली ती अडकलीच. मुहूर्त जवळ येत चाललेला, बायकांच्या गजऱ्यांनी माना टाकलेल्या, वऱ्हाडातली पोरं वेफर्सवर तुटून पडलेली. सगळे घामाघूम, काका एकटे प्रसन्न. कारण त्यांचा मुद्दा सिद्ध होत होता. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडीचा फाटा आहे. थळ म्हणजे अलिबागच्या अंगणातच. “म्हणजे बघा,” खिडकीबाहेरच्या ट्रेलरकडे बोट दाखवत काका म्हणाले, “खताचं पोतं रेल्वेने प्रवास करतं. आणि पोत्यासारखे कोंबलेले आपण, रस्त्याने!”

पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपली होती. काकांच्या मुठीत अक्षता तशाच. पंगतीत ते वधूपित्याशेजारी बसले आणि केळीचं पान समोर आलं. मी तेव्हा प्रथम नीट पाहिलं, की केळीचं पान हा मुळात रेल्वेचाच नकाशा आहे. मधली जाड शीर म्हणजे मेन लाइन, दोन्हीकडे फुटलेले बारीक फाटे. काकांनी मिठाशेजारी लिंबाची फोड सरकवली. “हे पेण.” पानाच्या टोकाला जिलबी. “हे तुमचं अलिबाग.” मग उसळीतले वाटाणे एकेक वेचून त्यांनी स्टेशनं मांडली. वाढप्याने मधेच मठ्ठा ओतला, तो वाहत वाटाण्यांपर्यंत आला, तर काका ओरडले, “अहो, धरमतरची खाडी इकडे नाही, मागे!” वधूपिता बिचारा हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत होता. सावकाशच तर होतंय, हीच काकांची तक्रार.

हा माणूस नोकरीत असताना असा नव्हता, हे मला काकूंनी सांगितलं. चौतीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी केलं, आणि त्या सगळ्या काळात काकांचा एकच लढा होता: गाडी डोंबिवलीहूनच सुटली पाहिजे. कर्जतहून भरून आलेल्या गाडीला ते अशी एकेक विशेषणं लावत, की काकू मुलांना आत पाठवायच्या. बदलापूरवाले पाय पसरून बसतात, ही त्यांच्या मते राष्ट्रीय समस्या होती. सह्यांची मोहीमसुद्धा काढली होती. २०१३ला विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल गेली, तेव्हा विरारच्या मित्राला त्यांनी फोन करून सांत्वन केलं, “संपलं, आता तुला बसायला मिळत नाही.” पुढच्या वर्षी निवृत्त झाले. चौथ्या सीटची गरज संपली आणि दुसऱ्याच महिन्यात पहिली निळी रेघ उमटली. मी हे एकदा त्यांच्यासमोर काढलं. जरा गप्प बसले. मग म्हणाले, “तेव्हा मी प्रवासी होतो. आता नागरिक आहे.”

यावर काय बोलणार?

नवा तुकडा सुरू झाला की मात्र ते स्वतः जाऊन येतात. नेरूळहून खारकोपरपर्यंत गाडी २०१८मध्ये गेली, तिथून उरणला पोचायला २०२४चा जानेवारी उजाडला. त्याच आठवड्यात काका मला घेऊन उरणला. मला वाटलं, करंजाला जाऊ, मासळी खाऊ. छे! उतरल्यावर ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. रूळ जिथे संपतात तिथला अडथळा त्यांनी आजारी माणसाला बघावं तसा न्याहाळला. मग पलीकडे हात केला. “समोर करंजा. मधे खाडी. पलीकडे रेवस. रेवसहून अलिबाग किती?” मी उत्तर दिलं नाही. पंधरा मिनिटांत त्याच गाडीने परत.

काकूंचं माहेर मुरबाडचं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. काकांना एसटी लागते, त्यामुळे “गाडी होऊ दे, मग निवांत जाऊ,” हे पहिल्या दिवाळसणापासून ऐकतेय, असं त्या सांगतात. सांगताना रागावतात, पण निळ्या पेन्सिली दुकानातून त्याच आणतात. एकाच रंगाच्या सुट्या मिळत नाहीत म्हणून अख्खी पेटी घ्यावी लागते. उरलेले रंग नातीला.

गेल्या भाऊबीजेला काकू एकट्याच कल्याणहून एसटीने गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा मी काकांकडे बसलो होतो. पिशवीतून भावाने दिलेले तांदूळ, काकड्या काढल्या, पाणी प्यायल्या, पदराने वारा घेतला. काका पत्रिकेवर वाकलेले. त्यांच्या खांद्यावरून दोन क्षण डोकावून काकू म्हणाल्या,

“रायत्याच्या पुलापाशी एक स्टेशन टाका. बरीच माणसं उतरली तिथे.”

काकांनी वर पाहिलं. “फास्ट थांबवू?”

“थांबवा. म्हाताऱ्या बायका होत्या.”

काका पेन्सिलीला टोक काढायला लागले.