खरं कोण हो ते?

मराठी प्रकाशक गेली कित्येक वर्षं ‘चोखंदळ वाचकांसाठी’ म्हणून जाहिरात करत आले आणि अखेर तो वाचक अवतरला. त्याचं खरं आडनाव काहीही असो, आपण त्याला चोखंदळे म्हणू. तेही आदरार्थी बहुवचनात, कारण एकवचन त्यांना खपत नाही. चोखंदळे वाचनालयाचे आजीव सभासद असतात. दर शनिवारी संध्याकाळी ते पुस्तक ‘बदलायला’ जातात (मराठी माणूस वाचनालयातून पुस्तक आणत नाही, बदलतो) आणि ग्रंथपाल नोंद करेपर्यंतच्या तीन मिनिटांत परत केलेल्या पुस्तकाचा निकाल लावून टाकतात. निकालाला कारणं जोडायची पद्धत त्यांच्याकडे नाही. चोखंदळेबाईही असतात. त्यांचं न्यायालय भिशीत भरतं आणि तिथे आरोपीला वकील मिळत नाही. ठणठणपाळ या नावानं जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकातून लेखकमंडळींच्या टोप्या मनसोक्त उडवल्या. त्या धामधुमीत वाचक मात्र सहीसलामत निसटला. वास्तविक टोपी त्याच्याही डोक्यावर होती.

चोखंदळ्यांना नुकतीच वाचलेली कादंबरी कशी वाटली म्हणून विचारलं, की ते आधी चष्मा काढतात, इकडेतिकडे पाहतात आणि आवाज खाली आणून उलट विचारतात, “पण ते खरं कोण हो?” कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणानं उठवलेल्या माणसांची आणि मागे राहून गेलेल्या म्हशीची ती कादंबरी. चोखंदळ्यांची शंका एवढीच की म्हैस खरी होती का, आणि असल्यास पुढे तिचं काय झालं. देविदास सौदागरांच्या ‘उसवण’ला २०२४चा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत धंदा उसवत गेलेला शिंपी हा तिचा विषय, आणि लेखकानं स्वतः तुळजापुरात शिवणकाम केलेलं. हे कळताच चोखंदळ्यांना गुन्हा उघडकीस आणल्याचा आनंद होतो. “म्हणजे स्वतःचंच लिहिलंय की! मग कादंबरी कसली?” ‘कोसला’ १९६३ सालची, पण पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच का, या खटल्याच्या तारखा चोखंदळ्यांकडे अजून पडताहेत. थोडक्यात, कादंबरी हातात आली की ते पंचनामा करायला बसतात.

याच चोखंदळ्यांच्या हातात आत्मचरित्र द्या, एकाएकी त्यांच्यातला रसिक जागा होतो. आता त्यांना पुरावा नको असतो, रंगत हवी असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचून ते सांगतात की टिळकांचं पात्र झकास उभं राहिलंय, वेंधळेपणाच्या जागा तर काय टिपल्यात! १८९५चं धर्मांतरही त्यांच्या मते अगदी योग्य वेळी येतं, जणू प्रकरणांची आखणी करून झाल्यावर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला बाप्तिस्मा घ्यायला धाडलं. ‘आहे मनोहर तरी’बद्दल तक्रार अशी की पुलंच्या तोंडी विनोद फार कमी घातलेत. सुनीताबाईंनी ते घालायचे होते, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. अमुक आत्मचरित्राचा पूर्वार्ध छान आहे पण उत्तरार्ध रेंगाळतो, असंही ते म्हणतात. बहुतेकांच्या आयुष्याचा उत्तरार्ध रेंगाळतोच, आणि चोखंदळ्यांचा स्वतःचा तर निवृत्तीनंतर जागचा हललेला नाही, हे त्यांना तिथे कुणी सुचवत नाही.

तेव्हा चोखंदळ्यांचे तराजू दोन, आणि दोन्हींची अदलाबदल झालेली. कादंबरी ते चरित्र म्हणून तोलतात, चरित्र कादंबरी म्हणून. विद्यापीठातली माणसं हे ऐकून कपाळाला हात लावतात. वाङ्मयप्रकारांचा भेद कळत नाही तो वाचक कसला, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की भेद न कळण्याचं हे शिक्षण चोखंदळ्यांना मराठी साहित्यानंच दिलेलं आहे, आणि तेही पहिल्या इयत्तेपासून. आपल्याकडची पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव सांगतात ते बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. तिचं जोडनाव ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. कुठल्याही सरकारी समितीच्या अहवालाला शोभेल असं हे नाव. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला भेटतात त्या समाजात खरोखर घडणाऱ्या हकिगती. नेमक्या त्याच साली वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळावेत म्हणून मथुरेच्या यज्ञाच्या बातमीवर घराबाहेर पडले, बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन परत आले. कल्पित प्रवासात निरूपण आणि खऱ्या प्रवासात कादंबरी, अशी ही १८५७ सालीच झालेली अदलाबदल. शिवाय गोडसे भटजींचा वृत्तान्त १९०७ साली छापताना चिंतामणराव वैद्यांनी त्यावर आपला हात फिरवला, आणि मूळ बरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली बाहेर काढेपर्यंत लोकांनी तो फिरवलेला हातच खरा मानला. ज्या भाषेत कथांना वाहिलेल्या सगळ्यात मानाच्या मासिकाचं नाव ‘सत्यकथा’ होतं, तिथल्या वाचकानं ‘यातलं सत्य किती आणि कथा किती’ असं विचारलं तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

पुढचा दाखला तर घरोघरी आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. मराठी घरात दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एकच कादंबरी असेल तर बहुधा ती हीच असते. आणि तिची रचना काय? कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण या सहा जणांनी सांगितलेल्या आठवणी. म्हणजे महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेली कादंबरी ही मुळात सहा आत्मचरित्रांची मोट आहे. उलट दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन, पण त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला ऐकवतो. एकाच माणसाचे दोन केलेले, एक बोलणारा आणि एक पांढरपेशा कपड्यांत ऐकणारा. ही कादंबरीकाराची युक्ती आहे आणि तिच्यावाचून ते पुस्तक एवढं बोचलं नसतं. लेखकांनीच कुंपणं ओलांडायची आणि वाचकानं मात्र कुंपणाबाहेर पाय ठेवला की त्याला अडाणी ठरवायचं, हा न्याय नव्हे. चोखंदळे ‘कोसला’त नेमाडे शोधतात. सांगवीकर सांगवीचा, नेमाडेही सांगवीचे. सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, नेमाडेही आले. एवढे धागे लेखकानं स्वतः सोडल्यावर ते ओढून पाहू नयेत अशी अपेक्षा फक्त समीक्षकच करू शकतो.

समीक्षकांचा दुसरा आक्षेप असा की ही नुसती वैयक्तिक मतं; त्यांना निकष नाहीत आणि परिभाषा तर नाहीच नाही. परिभाषेपुरता आरोप खोटा आहे. चोखंदळ्यांची परिभाषा पक्की आहे, फक्त तिचा कोश कुणी केला नाही. ‘ओघवती भाषा’ म्हणजे झोपेच्या वेळी वाचलं तरी कळलं. ‘अंतर्मुख करते’ म्हणजे कळलं नाही. ‘खिळवून ठेवते’ म्हणजे गॅसवरचं दूध उतू गेलं. ‘प्रांजळ आत्मकथन’ म्हणजे नातेवाइकांची नावं दिलेली आहेत. ‘संयत’ म्हणजे ती गाळलेली आहेत. ‘चाळली’ म्हणजे मागचं आवरण वाचलं, आणि ‘पुन्हा वाचायला हवी’ म्हणजे एकदाही वाचलेली नाही. सगळ्यात लाडका शेरा ‘संपादन हवं होतं’. कोणतंही पुस्तक दोनशे पानांनी कमी चाललं असतं, असं चोखंदळ्यांचं ठाम मत असतं, मग ते मुळात दीडशे पानांचं का असेना. नेमाडेंच्या ‘हिंदू’नं तेवढी त्यांची पंचाईत केली. इतकं जाडजूड पुस्तक, आणि लेखकानं शीर्षकातच ‘अडगळ’ लिहून ठेवलेली. आता तक्रार कसली करणार?

निकषांचं म्हणाल, तर त्यांचा एक निकष आहे आणि तो पुष्कळ समीक्षेपेक्षा कडक आहे: पुस्तक वाचताना आपल्या ओळखीचं माणूस आठवलं की नाही. आठवलं तर पुस्तक खरं, नाही तर खोटं. वाचनालयाच्या पुस्तकांच्या समासात याचे पेन्सिलीतले पुरावे जागोजागी सापडतात. एकानं लिहिलेलं असतं, ‘असं कुणी वागत नाही.’ खाली वेगळ्या अक्षरात, ‘आमच्या जाऊबाई वागतात.’ त्याखाली तिसऱ्याचं, ‘पुस्तकावर लिहू नये,’ हेही अर्थात पुस्तकावरच. यावर असं म्हणता येईल की ही पुस्तकाची चर्चाच नव्हे, जो तो स्वतःबद्दल बोलतोय. खरं आहे. पण आत्मचरित्र लिहिणाराही स्वतःबद्दलच बोलत होता, आणि एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याला बोलावंसं वाटणं याहून अधिक पुस्तकाकडून काय हवं आहे? जाऊबाईंची ती ओळ वाचून पुढचा वाचक ते पान दुसऱ्यांदा वाचतो. विद्वत्तापूर्ण प्रस्तावनेनं हे क्वचितच साधतं.

इथवर मी चोखंदळ्यांच्या बाजूनं आहे. पण त्यांचे तराजू उलटे असण्यापेक्षा त्यातलं एक पारडं नेहमी एकाच बाजूला झुकतं, ही गोष्ट जास्त गंभीर आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. तिच्यातले रमा-माधवाचे संवाद चोखंदळे इतिहास म्हणून लग्नाच्या पंगतीत ऐकवतात. अडीचशे वर्षांपूर्वी शनिवारवाड्यात नवराबायको एकान्तात काय बोलली, ते टिपून घ्यायला तिथे कोण बसलं होतं, हा प्रश्न त्यांना पडत नाही. माधवी देसाईंचं ‘नाच ग घुमा’ १९८८चं. ‘स्वामी’कारांबरोबरच्या संसाराबद्दल त्यांच्या पत्नीनंच लिहिलेलं. इथे मात्र चोखंदळे मान हलवतात. “एकांगी वाटतं हो. नायकाला न्याय मिळालेला नाही.” दुसऱ्याच्या संसाराची कल्पना केली ती प्रमाण, आणि स्वतःचा संसार सांगितला तर त्यात नायकाची बाजू पडली लंगडी! तीच गत ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ची. पाठीवर बिऱ्हाड आणि पोटात भूक घेऊन वाढलेल्या मुलांची ही पुस्तकं वाचून चोखंदळे एक सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, “लिहिलंय चांगलं, पण जरा एकसुरी होतं.” भूक दिवसातून दोनदा लागते आणि तिला शैलीत वैविध्य आणता येत नाही, याला लक्ष्मण माने किंवा लक्ष्मण गायकवाड काय करणार? राजघराण्याच्या दुःखाला चोखंदळे सहाशे पानं देतात आणि पालातल्या दुःखाला दीडशे पानांनंतर जांभई. चोखंदळ्यांची गंमत वाटायची थांबते ती इथे.

याला कुणी असं उत्तर देईल की वाचक करमणुकीसाठी वाचतो, त्याच्या गळ्यात सामाजिक न्यायाचं जोखड कशाला? करमणुकीला हरकत कुणाची नाही. पण मग ती दोन्हीकडे सारखी हवी. ‘स्वामी’ला पुरावा नको तर ‘नाच ग घुमा’लाही नको, आणि ‘उपरा’त वळणं हवीत तर कर्णाच्या कवचकुंडलांचाही पंचनामा झाला पाहिजे. तराजू उलटे चालतील. माप मात्र सगळ्यांना एकच लागावं.

अलीकडे चोखंदळ्यांच्या शनिवारच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत, कारण ते स्वतः लिहायला बसले आहेत. लिहिताहेत ते आत्मचरित्रच, पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ छापायचं ठरलं आहे. मेहुण्यांचा आणि सोसायटीच्या माजी सचिवांचा स्वभाव पाहता तेच बरं, असा घरून सल्ला मिळाला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना आहे की सर्व पात्रं काल्पनिक असून कुणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. हस्तलिखित आताच सातशे पानांचं झालं आहे आणि त्यातली एक ओळही कमी करता येणार नाही, असं त्यांनी प्रकाशकाला कळवलं आहे. पुस्तक दिवाळीपर्यंत येईल. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं मागून नेणाऱ्या चोखंदळ्यांनी सर्व परिचितांना आत्तापासून बजावून ठेवलंय, की ते विकत घेऊन वाचायचं, आणि वाचून झाल्यावर ‘खरं कोण हो ते?’ असं विचारायला यायचं नाही.