वईवरची खाजकुयली

"टीचर, ही कुयली तुझी की माझी?"

काकींनी वईपलीकडून विचारलं, पण तो प्रश्न नव्हता, आरोप होता. वेलीचं मूळ आमच्या बाजूला, शेंगा त्यांच्या बाजूला आणि वई साफ करायला आलेला गडी अर्ध्यावर कोयता टाकून अंग खाजवत विहिरीकडे धावलेला. माघात खाजकुयली पिकते तेव्हा शेंगांवर सोनेरी मखमल चढते. लांबून इतकी सुरेख दिसते की नवख्याचा हात हमखास जातो. गड्याला शेण फासून झालं होतं. आता माझी पाळी होती.

"शेंगा तुमच्याकडे, तर पीक तुमचं," मी म्हटलं.

"पीक? उद्याच मुळासकट उपटते."

"उपटा खुशाल. पण हिच्या बीमध्ये जे असतं ना काकी, त्याच्या जोरावर एका माणसाला नोबेल मिळालंय."

काकींनी कोयता खाली ठेवला. कुणाला काय मिळालं आणि का मिळालं, हे ऐकायला त्या कधीही मोकळ्या असतात.

"आणि त्या गोष्टीतली दुसरी वनस्पती आमच्या डिचोलीची," मी माहेरची बाजू आत सरकवली. "सर्पगंधा. आमच्या कुळागराच्या कडेला असायची. गुडघ्याएवढं झुडूप, पांढरी फुलं, त्यांचे देठ लाल, फळ पिकलं की काळं-जांभळं. साप चावला की मूळ उगाळून द्यायचे. डोकं फिरलं, झोप उडाली तरी तेच. आता शोधायला गेलं तरी सहजी मिळत नाही."

"खाणींनी खाल्लं सगळं."

"खाणींच्या आधी औषधवाल्यांनी खाल्लं. मुळासाठी उपटायचं म्हणजे झाडच जातं ना."

मग मी त्यांना मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकिलांची गोष्ट सांगितली. के. ई. एम. हॉस्पिटलातले हृदयरोगाचे डॉक्टर. रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन काय होतं ते त्यांनी नीट मोजून ठेवलं आणि १९४९ साली विलायतेच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. तोवर आपल्या मुळीकडे ढुंकूनही न बघणारे साहेब खडबडून जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या लोकांनी त्या मुळीतलं सत्त्व वेगळं काढलं, त्याचं नाव रेसरपिन. रक्तदाब उतरे, आणि वेड्यांच्या इस्पितळातले आरडाओरडा करणारे रोगी शांत होत.

"बरंच की मग!"

"बरं, पण शांत का होतात ते कुणाला कळेना. म्हणून जनावरांवर बघितलं. स्वीडनमध्ये लुंड नावाचं गाव आहे, तिथे आर्विद कार्लसन म्हणून माणूस होता. त्यानं सशांना रेसरपिन टोचलं. ससे बसल्या जागी थिजले. कान लोंबलेले, डोळे अर्धवट मिटलेले, हलवलं तरी हलत नाहीत."

"देवा सायबा! त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं कुणाचं?"

"ऐका तर. मग त्याच सशांना एल-डोपा टोचला. थोड्या वेळात कान उभे, डोळे उघडे, ससे चालायला लागले. १९५७ साली छापून आलं ते. आणि हा एल-डोपा, काकी, तुमच्या वईवर लोंबतोय. मद्रासच्या लोकांनी कुयलीच्या बियांतून तो १९३७ सालीच काढून दाखवला होता. बीच्या वजनाच्या शंभरात चार-पाच भाग निघतो."

काकींनी शेंगांकडे बघितलं. मघाची चीड जाऊन आता संशय आला होता.

त्यांना पुढचं समजावायला मला भाताची कोठी घ्यावी लागली, कारण शाळेत शिकवताना काढायचे ते आकडे-बाण वईवर काढता येत नाहीत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते डोपामिन, सेरोटोनिन अशा पदार्थांच्या हाती. पेशी हा पदार्थ आतल्या बारीक पिशव्यांत साठवून ठेवते, आपण भात कोठीत भरतो तसा. रेसरपिन कोठीचं दार बाहेरून बंद करतं. भात अंगणात पडून राहतो आणि कोंबड्या टिपून संपवतात. एक दिवस असा येतो की निरोप पाठवायला काही उरतच नाही, आणि ससा बसून राहतो. आता बाहेरून थेट डोपामिन आणून दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतो, आणि आत गेला की त्याचं डोपामिन होतं. कोठी बंद आहे ती आहेच, पण ताजा भात थेट चुलीवर चढतो.

"म्हणजे उत्साह म्हणजे एक पदार्थ?" काकींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "आणि पुनवेला देवळात ज्यांच्या अंगात येतं, त्यांच्यातही हेच कमी-जास्त?"

पेडण्याची पुनव म्हणजे कोजागिरीची रात्र. भूतबाधा उतरवून घ्यायला तिथे लांबलांबून माणसं येतात, आणि काकींचं लग्न झाल्यापासून एकही पुनव चुकलेली नाही. मी जपून उत्तर दिलं.

"काकी, ससा एवढं सांगत नाही. तो उठला की बसला, इतकंच सांगतो. रेसरपिन घेणारे काही रोगी उदास झाले, तेव्हा डॉक्टरांनी घाईनं ठरवून टाकलं की उदासपणा म्हणजे हे पदार्थ कमी पडणं. औषधांच्या कंपन्यांनी तेच पुढे वर्षानुवर्षं घोकलं. आता अभ्यास करणारेच म्हणतात, इतकं सरळ नाही ते."

कार्लसनचं आधी कुणाला पटेना. डोपामिन हा दुसराच एक पदार्थ तयार होतानाचा मधला टप्पा, त्याला स्वतःचं असं काम नाही, हीच समजूत होती. पण व्हिएन्नात ओलेह होर्निकीविच यांनी १९६० साली कंपवातानं मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामिन जवळजवळ नाहीच. मग बिर्कमायर नावाच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी १९६१ साली रोग्यांना एल-डोपा टोचला. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली.

"आणि नोबेल?"

"२००० साली. कार्लसनला, आणखी दोघांबरोबर. होर्निकीविचला नाही."

"का?"

"तेच तर! दोनशेहून अधिक मेंदूतज्ज्ञांनी निषेधाचं उघड पत्र लिहिलं."

हे मात्र काकींना फार आवडलं. शास्त्रज्ञांतही मानपानाची भांडणं असतात म्हटल्यावर त्यांना ते आपले वाटू लागले. पंचायतीचं कसलंसं पद कुणाला मिळायला हवं होतं आणि कुणाला मिळालं, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं. ते इथे नको.

मग त्यांनी आवाज उतरवला. काकींचा आवाज उतरला की बातमी चढते.

"वरच्या वाड्यावरच्या भाऊंचा तोच आजार ना गे? हात कापायचा, तो?"

"कंपवात. हो."

"मग ह्याच बिया भाजून पूड करून दिल्या त्यांना तर? फुकटच आहे."

"मुळीच नको! त्यांच्या गोळीत हेच आहे. वरून पूड घातली तर किती झालं, कोण मोजणार? प्रत्येक बीत सारखं नसतं. उलट्या होतील, रक्तदाब उतरून पडतील. मुंबईत अशोक वैद्य आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी कुयलीची पूड रोग्यांना देऊन गुण बघितला होता, १९७८ साली छापलंय ते. पण मोजून-मापून, डोळ्यांसमोर रोगी ठेवून. द्यायचीच तर धारगळला विचारून द्या. तिथले वैद्य हिला कपिकच्छू म्हणून ओळखतात."

"कुठलं धारगळ? मोपाच्या विमानतळाबरोबर उघडलेली ती संस्था?"

"तीच आयुर्वेदाची. ११ डिसेंबर २०२२, दोन्ही एकाच दिवशी."

"विमानं तेवढी डोक्यावरून जातात," काकी म्हणाल्या, आणि मुद्द्यावर आल्या. "गोळ्यांनी हात थांबला भाऊंचा, ते खरं. पण डॉक्टरनं मागे एक गोळी वाढवली आणि तेव्हापासून भाऊ मटका खेळतात. ज्या माणसानं जन्मात पत्त्याला हात लावला नाही! रोज संध्याकाळी नाक्यावर. वयनी रडते. लोक म्हणतात, म्हातारपणी चळ लागला."

मी जरा थांबले. गोव्यात मटका बेकायदा आहे हे पोरांनासुद्धा पाठ असतं, आणि आकडा कुठे लिहून मिळतो हेही. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या, इथे नाक्यावर चिठ्ठी. तेव्हा भाऊंनी आकडा लावला यात नवल नाही. कधीपासून लावला, ते महत्त्वाचं.

"वयनीला म्हणावं, भाऊंना बोलू नको, डॉक्टरला सांग," मी म्हटलं. "कंपवाताच्या काही गोळ्या डोपामिनची नक्कल करतात. प्रामिपेक्सोल त्यातलीच एक. त्यांच्यामुळे काही रोग्यांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते. डॉक्टरांना ठाऊक आहे ते. पण घरचे लाजेनं सांगत नाहीत. आणि गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही हं, ते भलतंच होईल."

"गोळीनं मटका?" काकी हसल्या, मग थांबल्या. "खरंच?"

वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाची माकडं मला इथे उपयोगी पडली. त्यानं माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी किती वेळा चमकतात ते मोजलं. अचानक तोंडात रसाचा थेंब पडला की पेशी जोरात. दिवा लागल्यावर रस येतो हे माकडाला कळलं की पेशी दिव्यालाच चमकू लागतात, रसाला नाही. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात. म्हणजे मिळालं याच्यापेक्षा, वाटलं होतं त्याहून जास्त मिळालं, यावर त्यांचा डोळा. मटक्याचा धंदा याहून वेगळा कशावर चालतो, मला सांगा.

"आणि हरमलला जे विकतात ते?" काकींनी सकाळचा पेपर वाचला होता. किनाऱ्यावर अमली पदार्थ विकताना पुन्हा कुणी पकडला गेला होता.

"तेही त्याच दारातून जातं. इटलीत दी कियारा आणि इम्पेरातो या दोघांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बारीक नळी ठेवून बघितलं, १९८८ साली. दारू, निकोटिन, कोकेन, अफूच्या जातीची औषधं. एकाचं काम एका तऱ्हेनं, दुसऱ्याचं दुसऱ्या. पण मेंदूच्या एका ठरावीक कोपऱ्यात डोपामिन सगळ्यांनीच वाढवलं."

"दारूसुद्धा?"

"दारूसुद्धा. म्हणजे फेणीही आलीच."

यावर काकी बोलल्या नाहीत. काकांची बाटली कुठल्या कपाटात असते ते मला माहीत आहे.

विषय बदलावा म्हणून मी पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताला बोलावलं. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला त्याचं नाव आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात भांग आहे, अफू आहे, आणि धन्याला धोतरा खाऊ घालून लुटणारे चाकरही आहेत. हिप्पी आले ते त्याच्या चारशे वर्षांनंतर, आणि दोष मात्र सगळा त्यांच्या माथी. मुंगूस-सापाच्या लढाईतल्या ज्या मुळीचं वर्णन त्यानं केलंय ती आपली सर्पगंधाच, असं जाणकार सांगतात.

"पण उंदराला पिंजऱ्यात टाकलं आणि समोर अफू ठेवली, तर तो दुसरं काय करणार गे?"

हा प्रश्न काकींनी विचारला आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला. कॅनडात ब्रूस अलेक्झांडरनं नेमकं हेच विचारलं होतं, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. त्यानं एकेकट्या पिंजऱ्यातले उंदीर एकीकडे ठेवले, आणि दुसरीकडे मोठी जागा, भुसा, डबे, नर-माद्या, पिल्लं असा अख्खा वाडाच वसवला. मॉर्फिन घातलेलं गोड पाणी दोघांसमोर. एकटे उंदीर ते पुष्कळ प्यायले, वाड्यातले बरेच कमी. पुढे ज्यांनी तो प्रयोग पुन्हा करून बघितला, त्या सगळ्यांना तसं आढळलं नाही, म्हणून त्याच्यावर घर बांधू नये. पण हरमल-मांद्र्याला एकेकटे येऊन महिनोन्महिने खोलीत राहणारे पाहुणे बघितले की मला तो वाडा आठवतो. आणि आपली पोरं? त्यांना वाडा आहे, तरी काही जातात. उंदरावरून माणूस पूर्ण वाचता येत नाही, हे मी मान्य करते.

"तरीपण मला त्या सशांचं वाईट वाटतंय," काकी म्हणाल्या.

"आता आपल्याकडे परवानगी लागते. १९६० चा कायदा आहे, सरकारची समिती आहे, किती जनावरं, कशासाठी, ते आधी लिहून द्यावं लागतं. त्रास होतोच, नाही म्हणत नाही. पण भाऊंचा हात थांबला तो त्या सशांमुळे."

"तसं नव्हे गे. बोलता न येणाऱ्या जिवाला..."

"काल तुमच्याकडून सुंगटांच्या हुमणाचा वास येत होता."

"काल रविवार होता!" काकी ठणकावून म्हणाल्या. "आज सोमवार, आज घरात मासळी नाही."

आमच्या वईवर सगळी तत्त्वं अशी वार बघून चालतात. मीही त्यातलीच. ते हुमण वाटीभर माझ्याकडे आलं होतं.

शेवटी कुयलीचा निवाडा झाला. शेंगा ओल्या असताना पहाटे दव पडलेलं असेल तेव्हा कापायच्या, म्हणजे तूस उडत नाही. लांब बाह्यांचा झगा घालून. कापणार काकींचा मुलगा, वेलीचं मूळ काढणार आमच्याकडचा गडी. आणि वयनीशी बोलायचं काम काकींनी स्वतःकडे घेतलं. डॉक्टरला काय सांगायचं, गोळीचं नाव कसं बघायचं, कधीपासून मटका सुरू झाला ती तारीख लिहून न्यायची, हे सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

कोयता उचलून त्या निघाल्या आणि पुन्हा वळल्या.

"टीचर, भाऊंचा आकडा लागतो का गे कधी?"

"परवा लागला म्हणे."

"कुठला?"

"काकी!"

"मी आपली विचारते. वयनीला सांगायला हवं ना डॉक्टरकडे जाताना."

मी सांगितला नाही. पण नाक्यावर त्यांना कळायला संध्याकाळ लागणार नाही.