आसनांचं भांडण

मुंबईला दुसरं स्टेडियम का बांधावं लागलं, हे नांदेडजवळच्या आमच्या अर्धापूरच्या पारावर सांगितलं की लोक हसतात. ब्रेबॉर्न १९३७ पासून उभंच होतं. पण तिथला क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं आसनांवरून वाजलं, आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी चालत जाता येईल इतक्या अंतरावर नवं स्टेडियम उठवून दाखवलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे कसोटीही झाली. आमच्याकडे भावाभावांचं बांधावरून वाजलं तर कोर्टात तारखा पडतात, स्टेडियम नाही.

पुढे पुण्याचं मैदान गहुंजेला गेलं, नागपूरचं जामठ्याला. नांदेडहून रात्रभर प्रवास करून शहर गाठायचं, आणि सामना बघायला पुन्हा शहराबाहेर पडायचं! दारावर पाण्याची बाटली काढून घेतात, ते वेगळंच.

अमेरिकेत बेसबॉल संघांचे मालक ‘नवं स्टेडियम द्या, नाहीतर संघ दुसऱ्या शहरात नेतो’ म्हणत सरकारी तिजोरीतून पैसा काढतात. अर्धापूरला ही सोय नाही. आमचा संघ केळीची गाडी भरून झाल्यावर जमतो आणि स्टंप म्हणून केळीचेच टेकू रोवतो. तिकीट नसल्यामुळे भांडण फक्त रनआउटवरून होतं.