माजी विद्यार्थी, आजी आमदार

विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’चे पथक येणार अशी वर्दी एकदा विद्यापीठाच्या दप्तरात पोहोचली, की ग्रंथालयात नवी पुस्तके किती आली, प्राध्यापकांच्या मंजूर जागांपैकी रिकाम्या किती, असल्या अडचणीच्या रकान्यांपाशी फारसे न रेंगाळता कारकूनमंडळी ज्या रकान्याकडे मोठ्या हुरुपाने वळतात, तो रकाना म्हणजे नामांकित माजी विद्यार्थ्यांचा होय. शास्त्रज्ञ हाती लागला तर उत्तम, कवीही चालतो. परंतु आमदारासारखा भरवशाचा माजी विद्यार्थी दुसरा नाही, कारण त्याचा ठावठिकाणा शोधावा लागत नाही. रायपुरात जयस्तंभ चौकातून निघून तात्यापारा, आझाद चौक, आमापारा ओलांडीत विद्यापीठाकडे जाणाऱ्या इसमास वाटेतल्या वाढदिवसाच्या फलकांवर तो हात जोडून उभा असलेला भेटतोच, आणि त्याच्या पायाशी टिकलीएवढ्या आकारात जी वीस-पंचवीस मुखकमले छापलेली असतात, ती भावी माजी विद्यार्थ्यांची असतात.

रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून पदव्या देत आले असून, विधिमंडळास माणसे पुरविण्यात या शहराच्या महाविद्यालयांनी कुचराई केली, असे त्यांचा वैरीही म्हणणार नाही. शासकीय आयुर्वेदिक महाविद्यालयातून १९७५ साली वैद्य होऊन बाहेर पडलेले डॉ. रमणसिंह पंधरा वर्षे छत्तीसगडचे मुख्यमंत्री होते व २०२३ पासून विधानसभेचे अध्यक्ष आहेत. दुर्गा महाविद्यालयातील छात्रराजकारणाच्या तालमीत तयार झालेले बृजमोहन अग्रवाल १९९० साली प्रथम आमदार झाले आणि लागोपाठ आठ निवडणुका जिंकून २०२४ मध्ये लोकसभेत गेले. एकाच वर्गात आठ वेळा बसणाऱ्यास विद्यापीठ नापास म्हणते, विधिमंडळ ज्येष्ठ म्हणते. दोन्ही संस्थांच्या परीक्षापद्धतीतील हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच अनेक हुशार मुले उगाच पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊन बेकार हिंडतात. शिवाय आजचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांचे औपचारिक शिक्षण कुनकुरीच्या शाळेपर्यंतचे असले, तरी त्यांच्या दालनाबाहेर ताटकळत उभे राहण्यात कोणा पदवीधर आमदाराने कमीपणा मानल्याचे ऐकिवात नाही.

विद्यापीठातून विधिमंडळात जाण्याची वाट विद्यार्थ्यांनीच तुडविली, असे मात्र नव्हे. सागर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे १९६३ साली तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या कसडोल मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकून आमदार झाले, त्याच वर्षी मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री झाले, आणि रायपूरचे विद्यापीठ सुरू झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे पराभूत प्रतिस्पर्धी कमलनारायण शर्मा यांच्या अर्जावरून न्यायालयाने हिशेबाची वही उघडविली, तेव्हा निवडणुकीचा खर्च कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर गेल्याचे निष्पन्न होऊन मिश्रजींवर सहा वर्षांची अपात्रता ओढवली. कुलगुरूंनाही बेरजेच्या विषयात अनुत्तीर्ण ठरविणारी परीक्षा एके काळी या देशात घेतली जात असे. आजकाल मंडप, मोटारी व भोजनावळी यांचा खर्च डोळ्यांनी पाहणाऱ्यास उमेदवाराने दाखल केलेला हिशेब वाचताना जो विस्मय वाटतो, त्यावरून अंकगणिताच्या अध्यापनात दरम्यानच्या काळात मोठी प्रगती झाली, असेच अनुमान काढावे लागते.

नागपूरकर आप्तांपुढे ही हकिगत सांगू लागलो, तर ते आपल्या विधानपरिषदेतील पदवीधर मतदारसंघांची प्रौढी मिरवितात. १९५६ पर्यंत आपण एकाच प्रांताचे रहिवासी होतो, त्यामुळे त्यांची प्रौढी ऐकून घेणे प्राप्तच आहे. परंतु त्या मतदारसंघांची घटनात्मक मौज अशी, की मतदारास पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात, उमेदवारास मात्र पदवीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ साली या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे पदवी मत देण्यास लागते, मत मागण्यास लागत नाही. छत्तीसगडात विधानपरिषदच नसल्याने हे तत्त्व आम्ही ९० जागांच्या विधानसभेतच बिनबोभाट पाळतो.

आता हजेरीचा प्रश्न. ज्या विद्यार्थ्याची उपस्थिती ७५ टक्क्यांखाली गेली, त्याला परीक्षेस बसू न देण्याचा दंडक त्याच विद्यापीठात आहे, जेथून हे सन्माननीय सदस्य बाहेर पडले. आणि २०२४ सालचे पावसाळी अधिवेशन २२ जुलैस बसून २६ जुलैस उठले. पाच दिवसांत हजेरी कमी पडणे अवघडच, तरी तीही सोय आहे. राज्याच्या पहिल्या विधानसभेने १४ डिसेंबर २००० रोजी राजकुमार महाविद्यालयाच्या जशपूर हॉलमध्ये, म्हणजे राजपुत्रांच्या शाळेत, पहिली बैठक भरविली, हा शुभशकुन म्हणावा की काय नकळे; पण या सभागृहाने शाळेस शोभेल असा एक कडक नियम स्वतःस लावून घेतला आहे. अध्यक्षांसमोरील मोकळ्या जागेत, ज्यास येथे गर्भगृह म्हणतात, घोषणा देत उतरलेला सदस्य आपोआप निलंबित होतो. त्यामुळे विरोधकांस दुपारच्या आत मोकळे व्हायचे असल्यास चार पावले पुढे येण्याखेरीज दुसरे काही करावे लागत नाही.

सगळ्यात रमणीय प्रकरण छात्रसंघाचे. ज्या निवडणुकांत भिंती रंगवीत, कँटीनमध्ये चहा पाजीत, प्राचार्यांना घेराव घालीत ही मंडळी राजकारणाची मुळाक्षरे गिरवती झाली, त्या प्रत्यक्ष निवडणुका गेली काही वर्षे तहकूब आहेत; सरकारे बदलली, तहकुबी कायम राहिली, आणि गुणवत्ता यादीवरून पदाधिकाऱ्यांचे मनोनयन होऊ लागले. निवडणुकीने विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा खोळंबा होतो, ही जाणीव आमच्या लोकप्रतिनिधींना स्वतःचा अभ्यास संपल्यावर झाली, हे स्वाभाविक आहे. तथापि ज्याला सर्वाधिक गुण तोच प्रतिनिधी, हे तत्त्व इतके निर्दोष असेल तर विधानसभेलाही ते लावावे, कुलसचिवांनी ९० गुणपत्रिका तपासून यादी फलकावर डकवावी, असा मसुदा कोणीतरी सभागृहात मांडावा, अशी माझी सूचना होती. अडचण एवढीच, की मसुदा मांडायला आधी निवडून यावे लागते, आणि यादीत पहिला आलेला आमचा छात्रसंघाध्यक्ष सज्जन असला तरी अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून मत कसे मागतात, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.